मध्यंतरात उठलेली माणसं

"घ्या की. धुतलेला आहे. स्वल्प ओला आहे, पण तो माझ्याच डोळ्यांनी."

असं म्हणत एका अनोळखी माणसाने माझ्यापुढे पांढरा नॅपकिन धरला. बेंगळुरूला मल्लेश्वरममधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमागे, संपिगेच्या झाडाखाली मी उभी होते. मराठीत त्याला सोनचाफा म्हणतात, पण इतकी वर्षं इथे काढल्यावर माझ्याही तोंडी संपिगेच बसलं आहे. बारीक पाऊस भुरभुरत होता. आणि मी, एवढ्या वयाची बाई, हमसून हमसून रडत होते... एका शिलाई मशीनसाठी!

सिनेमाच तसा होता. त्यातल्या नानांनी बायकोला समुद्र दाखवायचं कबूल केलेलं असतं. ते राहून जातं आणि ती जाते. मग नाना तिची शिलाई मशीन स्कूटरच्या मागच्या सीटवर तिच्याच लुगड्याने बांधतात आणि निघतात. लॉजवाला विचारतो, "सोबत कोण?" नाना म्हणतात, "मंडळी." सगळा हॉल खदखदून हसला होता. मग नाना समुद्रावर पोचतात, मशीन वाळूत ठेवतात, आणि वाऱ्याने तिचं चाक आपोआप फिरायला लागतं. पडद्यावर अंधार झाला, हॉलमध्ये दिवे लागले, आणि मी तोंड लपवून मागच्या दाराने बाहेर पळाले.

"तुम्हीही रडलात?" मी नॅपकिन घेत विचारलं.

"मी आधी हसलो," तो म्हणाला. "मशीनला हेल्मेट घातलं तेव्हा. आमची मंडळी गेल्यापासून असा हसलो नव्हतो. मग वाटलं, अरे, मला हसता येतंय... आणि त्याचंच रडू आलं बघा."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशाला पेन. डोळे अजून ओले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"मी भगवंतराव. मूळ बेळगावचा. नोकरी सगळी इथंच, घड्याळांच्या कारखान्यात."

"मी कस्तुरी."

"शेवट फार सुंदर केलाय, नाही?"

"फार," मी म्हणाले. "यापुढे एक शब्दही नको होता."

हॉलमधून गरम बोंड्यांचा वास येत होता, गलका होत होता. पण रडलेलं तोंड घेऊन मला त्या गर्दीत जायचं नव्हतं. त्यांनाही नसावं. आम्ही रस्त्याच्या कडेकडेने चालत कोपऱ्यावरच्या कॉफीच्या गाड्याशी गेलो. त्यांनी एकच कॉफी मागितली. "बाय टू!" बेंगळुरूची ही रीत मला फार आवडते. एक कॉफी, दोन पेले, अर्धी-अर्धी. पण यजमान गेल्यापासून माझ्याबरोबर कोणी बाय टू घेतली नव्हती.

"तुमच्यात जास्त आली," मी म्हणाले.

"मग बदलून घ्या की."

"राहू दे. पुढच्या वेळी मी जास्त घेईन."

बोलून गेले आणि जीभ चावली. ते पेल्यातल्या फेसाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पुढची वेळ... अवघड दिसतेय. येत्या रविवारी मी बेळगावला निघालो. कायमचा. थोरल्या भावाकडं. एकट्यानं किती दिवस काढायचे इथं?"

कॉफी एकदम गार लागली मला.

"नॅपकिन धुऊन देते," मी घाईने म्हणाले. "उद्या संध्याकाळी या न्यायला. वरच्या मजल्यावर जुई पसरलेलं घर. कोणालाही विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धी धडधडत जिना उतरून आली. ही पुण्याची पोरगी, माझ्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहते आणि संगणकावर काम करते. मंडळात सिनेमा संपला की फोन पुढे धरून प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या, हे तिचं काम.

"आजी, काल कुठे गायब झालात? तुमची रिअ‍ॅक्शनच नाही मिळाली! बाकीच्या ऐका तरी."

तिने फोन माझ्या कानाशी धरला. शेजारची शिवलीला अक्का म्हणत होती, "अर्धी मराठी समजली नाही मला. पण रडले मात्र पूर्ण." मग मारतहळ्ळीहून येणारा सुशांत, "इमोशन छान आहे. पण लॉजिक? मशीन स्कूटरवर बॅलन्स कशी होईल? मी कॅल्क्युलेट केलं." आणि मग एक बाई म्हणाली, "नाना परत येऊन स्वतः शिवायला शिकतात, ते मला सगळ्यात आवडलं."

"परत येऊन?" मी दचकले. "नाना परत कधी आले?"

"अहो, सेकंड हाफमध्ये!"

"सेकंड... तो तर समुद्रावर संपला ना?"

सिद्धी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पोट धरून पायरीवर बसली. "आजी! ते मध्यंतर होतं!"

आता यात माझा काय दोष, सांगा. आमच्या मंडळाची जुनी रीत आहे, खाणं कार्यक्रम संपल्यावर. बोंड्यांचा वास आला की समजायचं, आभारप्रदर्शन झालं. त्या दिवशी म्हणे बोंडे लवकर तळून आले, म्हणून सेक्रेटरींनी सिनेमा मध्येच थांबवून सगळ्यांना खायला उठवलं. ती सूचना ऐकायला मी आत होते कुठे? आणि भगवंतराव तरी कुठे होते?

संध्याकाळी ते आले. हातात चाफ्याची दोन फुलं, ओंजळीत झाकलेली.

"नॅपकिन?"

"वाळला नाही अजून," मी म्हणाले. तो इस्त्री होऊन कपाटात होता. "या हवेत काही वाळतंय का?"

"बरं झालं." त्यांनी फुलं खिडकीत ठेवली. "म्हणजे... सावकाश वाळू दे."

मी त्यांना मध्यंतराचं सांगितलं. ते असे हसले की चष्मा काढावा लागला. "म्हणजे आपण दोघंही अर्ध्यावर उठलो? आणि वर, यापुढे एक शब्द नको म्हणालो!"

"मी म्हणाले. तुम्ही नुसतं सुंदर म्हणालात."

"मग तुम्ही जास्त चुकलात. चुकीला बाय टू नाही."

शनिवारी संध्याकाळी सिद्धीने तिच्या खोलीत टीव्हीवर उरलेला भाग लावला. खिडकीबाहेर पाऊस, ताटलीत चिरोटे, आणि आमच्या दोघांमध्ये एक उशी. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. सामान बांधून झालं होतं, भावाला कळवलं होतं. मी दिवसभर स्वतःला समजावत होते, कस्तुरी, शोभेल असं वाग.

पडद्यावर नाना घरी परतले. मशीन कोपऱ्यात ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. आता दाखवायला समुद्र उरला नव्हता. मग एक दिवस त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही जाईना. सिद्धी हसत होती, मी हसत होते, आणि भगवंतरावांचा हात उशीवर येऊन थांबला होता. शेवटी समोरची बाई ब्लाउजचं कापड घेऊन येते. नाना शिवतात. एक बाही लांब, एक आखूड. ती बाई तो ब्लाउज घालून, ताठ मानेने, देवळात जाते. बस्स. एवढाच शेवट.

मग सिद्धीला तिचं काम आठवलं. तिने फोन पुढे धरला. "चला, राहिलेल्या प्रतिक्रिया. आजोबा, तुम्ही आधी."

भगवंतरावांनी घसा साफ केला. फोनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"सिनेमा चांगला आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, समुद्र बघून झाला की संपलं. सामानही बांधलं मी. पण... कस्तुरीबाईंना चालणार असेल... तर यापुढे मला अर्ध्यावर उठायचं नाही."

सिद्धीने फोन माझ्याकडे वळवला.

मला खूप काही आठवलं त्या क्षणी. यजमानांचा हसरा चेहरा, त्यांच्यामागे गप्प झालेलं घर, गार होऊन गेलेल्या कितीतरी पूर्ण कॉफ्या. लोक काय म्हणतील, तेही आठवलं. खोटं कशाला सांगू?

"माझी प्रतिक्रिया अशी," मी म्हणाले, "की त्यांनी शिवलेली बाही आखूड निघाली तरी मी घालेन."

उशी कधी बाजूला झाली, मला कळलं नाही. त्यांचा हात कोमट होता.

"आजी..." सिद्धी नाक ओढत म्हणाली, "हे... ग्रुपवर नाही ना टाकायचं?"

मी भगवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले, जणू म्हणत होते, तुमच्या घरचा निर्णय.

"टाक," मी म्हणाले. "सगळ्यांच्या टाकतेस ना?"

रविवारी त्यांची गाडी त्यांच्याविना गेली. ग्रुपवर दिवसभर टिणटिण चाललं होतं. शिवलीला अक्काने लिहिलं, "ही मराठी पूर्ण समजली." दोघाचौघांनी काहीच लिहिलं नाही, त्याचंही मला वाईट वाटलं नाही. आणि सगळ्यात शेवटी सुशांतचा निरोप आला, "या वेळी लॉजिक बरोबर आहे."

खरं सांगते, देवाने मला एकदा भरभरून दिलं होतं. दुसऱ्यांदा मागायची माझी हिंमत नव्हती. ते त्या लवकर तळलेल्या बोंड्यांनी दिलं. मंडळाच्या स्वयंपाक्याला मी अजून मनातल्या मनात हात जोडते.

आता रोज संध्याकाळी भगवंतराव फाटकातून आत येतात, फुलं खिडकीत ठेवतात आणि विचारतात, "माझा नॅपकिन?"

"वाळला नाही अजून," मी म्हणते, आणि कॉफी दोन पेल्यांत ओतते.