सकाळीच पडणारी मोटारसायकल

"पडला! मामा पुन्हा पडला!"

चैतू बोरीच्या झाडावरून ओरडला आणि काट्यांना न जुमानता सरळ खाली घसरला. त्याची थोरली बहीण चंदा आणि शेजारच्या मासेमार ढिवराची सुकरी तलावाच्या पाळीवरून धावत सुटल्या.

गाडीवाटेच्या चाकोरीत मोटारसायकल आडवी पडली होती. मनसाराम मामा गुडघा धरून बसला होता. हात सोलून निघाले होते, पण औषधाची पेटी छातीशी घट्ट! एक बाटली फुटू दिली नाही पठ्ठ्यानं!

मनसाराम म्हणजे ढोरांचा डॉक्टर. त्या साली नागभीडकडच्या खेड्यांत बुळकांडीनं गुरं पटापट मरत होती आणि हा एकटा माणूस गावोगाव लस टोचत फिरत होता. गुरं एकदा जंगलात चरायला गेली की कोणाच्या बापाला सापडत नाहीत. गावाबाहेरच्या आखरावर गोळा होतात ती सकाळीच. म्हणून पौषाच्या थंडीतही त्याला उजाडता उजाडता निघावं लागे. गाडी होती गुणवंतराव पाटलांची. लष्कराच्या लिलावात घेतलेली. लसीच्या कामाला त्यांनी ती दिली होती, आणि दिल्याचं रोज चार लोकांना ऐकवतही होते. दान केलं की डांगोरा पिटल्याशिवाय काहींना जेवण जात नाही!

पाटील गळ्यात मफलर गुंडाळून आलेच. "पाहा, पाहा! दिवस निंगाला, पन याची रातची उतरली नाई! मोहाची असंल!"

"मामा थेंब घेत नाई!" चंदा कडाडली.

"मंग दुपारी काऊन पडत नाई? काल याच वाटेनं भर उन्हात आला, फुलासारखा! अन् सकाळीच कसा लोळते? आज दुपारी चावडीत फैसला. गाडी मी वापस घेतो, अन् याच्या साहेबाले सांगतो, दारुड्या डाक्टर आमाले नको!"

मामा पेटी उघडून एकेक बाटली तपासू लागला.  

सुकरीचा चेहरा पडला. "आमच्या म्हशीले अजून सुई नाई लागली," ती हळूच म्हणाली. "डाक्टर गेला तं कोन टोचंल?"

गाडी ढकलत घरी आणली. मामाला खाटेवर निजवून त्याची आई, शकुआजी, गुडघ्याला हळद बांधू लागली. हात चालत होता, त्याहून जीभ जोरात. "लोकायच्या ढोरांसाठी सोताची हाडं मोडते, अन् लोक म्हन्ते दारुड्या! जीभ झडली पाह्यजे एकेकाची!"

अंगणात चंदा मात्र गाडीभोवती फिरत होती. पाटलांनी टोमणा मारला खरा, पण तो तिच्या डोक्यात किड्यासारखा शिरला होता. सकाळीच का? दुपारी का नाही?

तिनं हँडल धरून जोरानं दाबलं. "चैतू, इकडं ये! काल दुपारी दाबलं तं गाडी गपकन खाली बसे, फुस्स करून वर ये. आता पाह्य!"

तिघंही हँडलला लोंबकळले. गाडी देवळाच्या खांबासारखी ढिम्म!

"चाकाले दोन्हीकडून धरते तो चिमटा दबूनच नाई राह्यला," चंदा म्हणाली. "म्हनून चाकोरीत चाक उसळते! याच्या आत काहीतरी अडकलं. खोलून पाहू!"

"मामा मारंल!" चैतू म्हणाला.

"मामा खाटेवरून उठते कुठी?"

सीटखालच्या डब्यात निघाले एक पाना आणि एक पेचकस. सुकरी हसली. "एवढ्यानं गाडी खोलतं? एवढ्यानं तं आमची नावही नाई दुरुस्त होत!"

"बाकीचं घरात हाय," चंदा म्हणाली.

सुकरीनं जाळ्याचा दोर आणला, जांभळीच्या फांदीवरून टाकला आणि गाडीचं तोंड वर बांधून टाकलं. गाठ अशी, की हत्तीनं ओढली तरी सुटू नये! चाक निघालं. काढलेली प्रत्येक वस्तू चैतूनं पळसाच्या एकेका पानावर ओळीनं मांडली. "उलट्या ओळीनं लावलं की झालं!" तो म्हणाला. इवलासा पोर, पण काही मोठ्यांना एवढीही अक्कल नसते.

चिमट्याच्या डाव्या नळीवरची टोपी फिरवता फिरवता—टण्ण! आतल्या स्प्रिंगनं ती अशी उडवली, की कोंबड्या कोकलत छपरावर गेल्या!

"काय करून राह्यले रे?" आतून आजी.

"कोंबड्या खेळून राह्यल्या, आजी!"

पुढं आलं गुळगुळीत कडं. पाना बसेना, हात घसरे. सुकरीनं दोर ओला करून त्याला तीन वेढे दिले, त्यात काठी घातली आणि पिळलं. ओला दोर आवळला आणि कडं कुरकुरत फिरलं!

शेवटी तळाचा बोल्ट. तो मात्र महाखट! पाना फिरवला की आतली दांडीच त्याच्याबरोबर गरगर फिरे. तिघं घामाघूम झाले. सूर्य जांभळीच्या वर आला. नाही उघडलं तर? आणि परत जोडताही नाही आलं तर? मग मामाचं जे काही उरलंसुरलं, तेही गेलं!

"आजी ताक घुसळते तव्हा मडकं फिरू नाई म्हनून पायात धरते," चैतू एकदम म्हणाला. "तसं आतल्या दांडीले कोनी धरलं तं?"

"शाब्बास रे!" चंदानं बांबूची काठी टोकाला तासली, वरून नळीत घातली आणि वरवंट्यानं ठोकली. काठी दांडीच्या तोंडात फसली. सुकरीनं ती दोन्ही हातांनी धरली, चंदानं पान्याला लाथ घातली, आणि बोल्ट सुटला!

खाली घमेलं धरलं. तेल काही गळेना. एक थेंब नाही! खालची नळी ओढून काढली, तर आत पांढरंपिवळं, घट्ट, तुपासारखं!

सुकरीनं बोटानं उकरून हुंगलं. "अवो, हे तं टोरीचं तेल!"

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल थंडीत गोठतं, हे त्या मुलुखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फोडणी द्यायची तर आधी तेलाचं मडकं चुलीशी ठेवावं लागतं. सकाळी दगड, दुपारी पाणी!

चैतू पोट धरून हसला. "पाटील खरं बोलले वो! मोहाचंच हाय! पन मामाच्या पोटात नाई, गाडीच्या पायात!"

"हसू नको, पाह्य!" चंदानं नळीकडं बोट दाखवलं. उन्हात गोळ्याची कड चकाकत होती. पुरावा वितळत होता!

धानाच्या ओल्या तणसात नळी गुंडाळून तिघं चावडीकडं पळाले. मागून आजी आली, आणि तिच्या खांद्याला धरून लंगडत मामाही.

पाटलांचं भाषण ऐन रंगात होतं. चंदा अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, गाडी तुमी लई जपली जी! चिमट्यातलं तेल कोनत्या मिस्त्रीनं भरलं?"

"मिस्त्री?" पाटलांनी छाती फुगवली. "मिस्त्रीले मी हात नाई लावू देत! उन्हाळ्यात सोता भरलं, या हातानं!"

"बाजारचं तेल?"

"बाजारचं भेसळीचं काऊन? घरच्या घान्याचं! अस्सल टोरीचं! तेल ते तेल!"

चंदानं पितळी ताटात नळी उलटी केली. थप्प! पांढरा गोळा पडला. तिनं ताट उचललं, उन्हात ठेवलं आणि गुमान बाजूला उभी राहिली. सगळे पुढं वाकले. बघता बघता गोळ्याला घाम फुटला, तो ढिला झाला आणि ताटभर पसरला.

"सकाळी हा गोळा चिमट्यात अडकते, म्हनून मामा पडते," चंदा म्हणाली. "दुपारी वितळते, म्हनून नाई पडत."

आधी कोणीतरी खुदकन हसलं. मग अख्खी चावडी!

पाटलांचा चेहरा उतरला. माणूस बढाईखोर, पण बेईमान नव्हे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मनसाराम, चुकलो बाप्पा."

"काका, तुमी गाडी नसती देल्ली तं इतकी ढोरं वाचली असती का?" मामा म्हणाला. 

शकुआजी मात्र एवढ्यावर सोडते थोडीच! "गुनवंतभाऊ, दारुड्या म्हनले ते गावोगाव पोचलं. माफी चावडीतच राह्यते. गुडघा बरा झाला की याच्या मागं बसा, अन् जिथं जिथं तो सुई टोचंल तिथं सोता सांगा!" मग तिनं नातवंडांकडं नि सुकरीकडं वळून पाहिलं. "अन् कोंबड्या खेळून राह्यल्या काय? लबाडहो! या इकडं!" तिघांनाही तिनं एकाच कवेत घेतलं.

घरी आल्यावर खाटेवरून मामा सांगे आणि पोरं करत. दोन्ही नळ्या घासलेटनं धुतल्या, नागभीडच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडून इंजिनाचं तेल आणलं आणि पळसाच्या पानांवरून उलट्या ओळीनं सगळं जोडलं.

आठवडाभरानं, दात वाजवणाऱ्या थंडीत, गाडी निघाली. पुढं मामा, मागं मफलरात गुरफटलेले पाटील, मामाची कंबर आवळून! चाकोरी आली. पोरं पाळीवर टाचा उंचावून उभी होती.

"बसली रे पोरंहो! फुस्स करून बसली!" पाटलांची आरोळी धुक्यातून आली.

शेजारच्या गावच्या आखरावर लोक गुरं घेऊन दूर दूर उभे होते. पाटील गाडीवरून उतरले, सगळ्यांना ऐकू जाईल असे खाकरले आणि म्हणाले, "हा मानूस थेंब घेत नाई! मोहाचं पाजलं ते मी, माह्या गाडीले! आना ती ढोरं पुढं!"