चार झटके

घटना भर दुपारची, आणि मी इडलीचं पीठ वाटत होते. अशा वेळी काही घडत नाही, असा माझा समज होता.

साल एकोणीसशे त्रेसष्ट. आमचे हे संशोधन खात्यात. यांच्या गटाने पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र बनवलं होतं, आणि ते तपासायला हे पाठीवर हवेच्या टाक्या बांधून लखदीवच्या समुद्रात उतरणार होते. देवमासे येतात तिथेच, कारण आवाज देवमाशांचाच हवा होता.

"आणि शार्क?" मी विचारलं.

"असतील. त्यांचं आपल्याकडे काही काम नसतं."

जायच्या आधी, समुद्रापासून लांब कानडी मुलखात, जयनगरच्या आमच्या घरात सराव झाला. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी, दुसरं टोक बोटीवरच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे. चार म्हणजे वर ओढा. ज्याला झटके मिळाले त्याने आधी तेवढेच परत द्यायचे, मग ओढायचं. सरावाला दोरी म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी घेतली. एरवी ती नयनासाठी असे. नयना दहा महिन्यांची, रांगत थेट रस्ता गाठणारी. म्हणून एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या. शेजारणी हसत. मी बी. ए. झाले होते, पण काळजी करण्याशिवाय मला धड काही येत नव्हतं.

ज्या मंगळवारी हे समुद्रात उतरणार होते, त्या दिवशी नयना व्हरांड्यात होती आणि मी स्वयंपाकघरात. कारखान्याचा बाराचा भोंगा होऊन गेला. घरात वाटणाची घरघर तेवढी. आणि कमरेला झटका बसला. एक. दोन. तीन. चार. मधे सारखं अंतर.

मला हसू आलं. बापाचीच लेक. पिठाच्या हातांनी मी चार झटके परत दिले आणि ओढू लागले.

जड लागलं. नयनापेक्षा जड. तरी ओढत राहिले, कारण हिसका बसला तर तिला लागेल असं वाटलं... मग एकदम हलकं झालं. उंबऱ्यावरून टोक आत आलं. गाठ तशीच, फास रिकामा. पट्टी चिंब भिजलेली.

मी अनवाणी शेजारी धावले. गंगव्वाच्या मांडीवर नयना झोपलेली होती.

"पायातून फास काढून आणली की, अक्का. हाक मारली मी. वाटणात ऐकू गेलं नाही तुम्हाला. अर्धा तास होऊन गेला."

घरी येऊन मी पट्टीचं टोक जिभेला लावून पाहिलं. खारट. मूल ओलं करतं तेही खारटच असतं, हे मला पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

शनिवारी हे धडधाकट परतले. रविवारी बोटीवर यांची दोरी धरणारे त्रिविक्रम जेवायला आले.

"वहिनी, सहा शार्क याच्याभोवती फेऱ्या घालतायत, आणि हा यंत्राची काच पुसतोय."

"सात," हे म्हणाले. "देवमासा आला तेव्हा सगळे बाजूला झाले. डोळा या वाटीएवढा. शेजारून जायला लागला तो संपेचना. मग मात्र मी चार झटके दिले. अकराला बोटीवर बसून चहा पीत होतो."

हे हात धुवायला मागे गेले. त्रिविक्रमांनी आवाज उतरवला.

"याला बोललो नाही मी. बारा वाजून गेले होते. सगळे वर आलेले, डोकी मोजलेली. दोरी तेवढी पाण्यात राहिली होती... तिला चार झटके आले."

"मासा असेल."

"सारखं अंतर ठेवून?"

"तुम्ही परत दिले?"

"नाही. कापली दोरी." त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. "ते जे काय होतं, ते कुठे गेलं असेल, एवढंच मनात येतं."

मी त्यांना ताक वाढलं.

पुढच्या आठवड्यात देवीची लस टोचायला यल्लव्वा आली. मूळची बेळगावकडची, मराठी बोलणारी. मी नयनाला कडेवर घेऊन तिला आत बोलावलं. नयना टोचताना रडली. यल्लव्वाने वही उघडून यांचं नाव लिहिलं, आणि खाली मुलं दोन.

"एकच," मी म्हणाले.

"थोरल्याला मघाशीच टोचलं की, अक्का. भाईर व्हरांड्यात बसलंय. गुणाचं लेकरू, रडलं न्हाई. दंड वला हुता, पुसून घेतला."

व्हरांडा तिच्या पाठीमागे होता. दार उघडं होतं. मी तिच्या वहीकडेच पाहत राहिले.

"नाव इचारलं तर बोलंना. निस्तं तुमच्या दाराकडं बघत हुतं. म्हनून जागा सोडलीया." तिने पेन्सिल जिभेला लावली आणि वहीवर टेकवली. "सांगा. काय लिहू?"