एडमंड नावाची दोन पोरं

थिएनसू, ती वल्ही आत घे आणि ती रताळ्याची पेज संपव. आता गिऱ्हाईक येत नाही. आलं तरी मी नेणार नाही. आज सातव्या महिन्याची चौदावी रात्र, उद्या पुनव, मेलेले मोकळे फिरतात ती. आजच्या रात्री मी समोरच्या बेटाला होडी लावत नाही, आणि त्यावरून तुम्ही माझ्या पाठीमागं हसता, तेही मला ठाऊक आहे. हसा लेको! दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसलो असतो. पण ही माझ्या थोरल्या भावाच्या बायकोची, ग्योक वहिनीची. ती कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलंय?

तीन वर्षांपूर्वीची हीच रात्र. वहिनी तेव्हा बेटावर गोऱ्या पाद्र्याच्या घरी आया होती. घर वकिलातीच्या टेकडीखालीच. रात्रीच्या दुसऱ्या प्रहराची पहारेकऱ्याची थाळी वाजली आणि पाद्रीणबाईनं तिला वकिलातीच्या डॉक्टरकडं धाडलं, औषधाची बाटली आणायला. काम एवढंच. बाईचं पोरगं नऊ दिवस तापानं फणफणत होतं. चार वर्षांचं. धक्क्याच्या पायरीवरून घसरून पाण्यात पडलं होतं, मीच त्याला बाहेर काढलं होतं. अंगाला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून नजर कुठंच ठरेना. डॉक्टर म्हणाला होता, आजची रात्र निघाली तर पोर वाचलं.

आता आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की ते दचकलंय, जीव पायरीवरच राहिलाय. सदरा घ्या, तांदूळ घ्या, हाक मारून घेऊन या. पण पाद्र्यापुढं हे बोलायची सोय नव्हती. उदबत्ती लावली म्हणून त्यानं आधीच्या स्वयंपाक्याला घालवलं होतं. माणूस वाईट नव्हता हं. नऊ रात्री पोराच्या उशाशी गुडघे टेकून रडत होता. पण आपलं तेच खरं, दुसऱ्याचं ऐकायचं नाही, असा.

वहिनीनं डॉक्टरकडून बाटली घेतली आणि घरी जायचं सोडून धक्क्याची वाट धरली. पोराचा सदरा आणि मूठभर तांदूळ तिनं अंगरख्याखाली लपवून आणले होते.

थांबा, आधी एक ऐका. या पोराच्या आधी बाईला एक मुलगा झाला होता. तोही वहिनीच्याच कडेवर वाढला. पाचव्या वर्षी पटकीनं गेला, धक्क्याच्या वाटेवर, चढणीला, गोऱ्यांच्या कबरस्तानात पुरला. नाव एडमंड. दोन वर्षांनी दुसरा झाला, तर त्याचं नाव काय ठेवलं? एडमंडच! गेलेल्याची आठवण म्हणून. त्यांच्यात तशी रीत आहे म्हणे. अरे, आपण गेलेल्याचं नाव घरात मोठ्यानं घेत नाही, आणि यांनी ते जिवंत पोराच्या गळ्यात बांधलं! वहिनीनं गुपचूप त्या पोराचं नाव ठेवलं उकिरड्या. नाव घाण असलं की न्यायला कुणी येत नाही. ते नाव दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि त्याला.

पण जीव बोलावताना खरं नाव घ्यावं लागतं. घाबरलेल्या बाईला दुसरं काही सुचलं नाही. तिनं पायरीवर सदरा झटकला, चिमूटभर तांदूळ टाकले आणि हाक दिली, "एडमंड, घरी चल रे बाळा."

मग वळून चालू लागली. मागं बघायचं नसतं. दर दहा पावलांवर तांदूळ, दर दहा पावलांवर हाक.

तिसऱ्या हाकेला मागं पावलं वाजली. ओली, अनवाणी, लहान. वहिनीला इतका आनंद झाला की ती चालता चालता रडायला लागली. पोरगं आलं! आता वाचलं!

पुढं चढण लागली. कबरस्तानाची भिंत उजव्या हाताला. वहिनीनं पुन्हा हाक मारली.

आणि भिंतीपलीकडून कुणीतरी उडी मारल्याचा आवाज झाला.

आता मागं चार पावलं वाजत होती. दोन ओली... दोन कोरडी.

वहिनी थांबली. पावलंही थांबली.

ती चालली. पावलंही चालली. मग तिच्या अंगरख्याची मागची कड कुणीतरी धरली. घट्ट. तिला ती पकड ओळखीची वाटली. उकिरड्या हात धरून चालायचा. कड धरून चालायचा तो... थोरला.

मी विचारलं, वहिनी, पळाली का नाहीस? ती म्हणाली, "पळू कशी भावजी? दोन्ही माझीच होती."

घराचं मागचं दार आलं. आत दिवा. आत कॉटवर एकच अंग, आणि उंबऱ्याबाहेर दोघं. आता 'एडमंड, आत ये' म्हटलं तर कोण आत जाणार? चुकीचा गेला तर खरा कायमचा बाहेर. वहिनी किती वेळ उभी होती, देव जाणे.

शेवटी ती हळूच म्हणाली, "उकिरड्या... घरी ये."

ओली पावलं तिच्या पायाजवळून आत गेली. तिनं स्वतःला आत ढकललं आणि दार लावून घेतलं.

आतून पोराचा आवाज आला, "पाणी!" नऊ दिवसांतला पहिला शब्द. बाई ओरडली, "ग्योक! ग्योक, लवकर ये! हा बोलला!"

पण वहिनीला हलता येईना. अंगरख्याची कड दाराच्या फटीत होती. बाहेरून धरलेली.

"सोड रे राजा," ती म्हणाली.

...

"सोड. तुला घेता येत नाही रे मला."

कड तशीच ताणलेली.

वहिनीनं दातानं कापड फाडलं. टर्रकन. आणि ती पोराच्या खोलीत गेली.

पोर वाचलं. पहाटे ताप उतरला, पाद्र्यानं देवाचे आभार मानले, डॉक्टरनं बाटलीचे. सकाळी वहिनीनं दाराबाहेर बघितलं, फाटलेला तुकडा नव्हता. त्या दिवसापासून तिला झोप नाही. रात्री उठून बसते आणि म्हणते, "मी लेकरावर दार लावलं." अरे, ऐकवत नाही ते. भाऊ माझा बिचारा उठून अंगणात जातो.

पुढच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात, कबरी झाडायच्या दिवशी, ती मला म्हणाली, "भावजी, त्याची कबर कुणी झाडत नाही. मला घेऊन चला." मी तिला नेलं. लहानशी कबर, वर सपाट दगडी लादी. चार गड्यांशिवाय हलायची नाही अशी.

वहिनीनं पालापाचोळा काढला आणि लादीच्या कडेकडं बोट दाखवलं.

लादीखालून निळ्या कापडाची कड बाहेर आली होती. बोटभर. तिच्या अंगरख्याचं कापड, तिच्या हातची शिवण. मी वाकून बघितलं. लादीच्या चारही कडांना जुनं शेवाळ होतं, कुठंही तुटलेलं नव्हतं. मी कापड ओढून बघितलं.

ते आलं नाही. आतून धरलेलं होतं.