चित्रं शेवटी का पळतात?

गारा पडल्या नसत्या, तर नायरीने त्या हॉलमध्ये पाऊलही टाकलं नसतं. न्यूझीलंडमधल्या पोर्ट चाल्मर्सच्या उतारावर ती निम्म्यात होती आणि गारा अशा कोसळायला लागल्या की बंदरात रचलेले लाकडाचे ओंडकेसुद्धा तडतडू लागले. तिने लॅपटॉप जॅकेटच्या आत कोंबला, मान खाली घातली आणि समोर आलं ते दार ढकललं.

आत टोस्टरच टोस्टर. पोटं उघडी टाकलेले टोस्टर, उलट्या टांगलेल्या सायकली, मांडीवर स्वेटर घेऊन बसलेली माणसं. हवेत भाजलेल्या चीज रोलचा वास.

"काय बिघडलंय?" बाजूने कुणीतरी विचारलं.

"हवा," नायरी धापा टाकत म्हणाली.

"ती आमच्याकडे दुरुस्त होत नाही. पण जॅकेटमध्ये काय लपवलंयस?"

तिने वर पाहिलं. विस्कटलेले केस, कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर, आणि हात मागे बांधलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. त्याच्यापुढच्या टेबलावर एक पाटी होती: कागदपत्रं.

"माझा प्रबंध आहे," ती म्हणाली. "पण तो दुरुस्त होण्यापलीकडे गेलाय."

"असं टोस्टरवाले पण म्हणतात." तो हसला. "मी तामाती. बस की."

नायरी बसली. तो बसला नाही. तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, हात तसेच मागे. तिने सगळी कर्मकहाणी सांगितली: तिकडे बंदराच्या तोंडाशी, टोकावर अल्बट्रॉस पक्ष्यांची वसाहत आहे, तिथे ती दोन वर्षं काम करतेय, त्यावरच प्रबंध. तो मांडलाय अक्षरजुळणीच्या त्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, जे कुणा एकाचं नाही आणि म्हणून ज्याच्यावर ओरडायलाही कुणी सापडत नाही. परवापर्यंत पीडीएफ निघत होती, निघाली की ती न उघडताच पुढे लिहायला लागायची. कालपासून काढायला गेलं की नुसत्या लाल अक्षरांतल्या शिव्या.

"शिव्या वाचल्यास?"

"शिव्या कोण वाचतं?"

"पहिली वाच. फक्त पहिली. बाकीच्या तिच्याच पोटच्या असतात."

तिने वाचली. एक चित्र सापडत नाही, एवढंच म्हणणं होतं बिचाऱ्याचं. चित्र पेनड्राइव्हवर होतं आणि पेनड्राइव्ह तिच्या खिशात, गवताच्या बिया आणि अर्ध्या बिस्किटासोबत.

"हे घे, तूच कर," असं म्हणत तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. तामाती एक पाऊल मागे सरला.

"ए बाई, त्याला हात लावायला लावू नकोस!" पलीकडून टोस्टरच्या आड बसलेली हुया आंटी ओरडली. हा दुरुस्तीचा शनिवार तिने सुरू केला होता आणि तिथले कायदेही तिचेच. "वस्तू ज्याची, हात त्याचे. आम्ही फक्त सांगणार. नाहीतर पुढच्या वेळी परत हीच रड."

"म्हणून हात मागे होय?" नायरीने विचारलं.

"बसलो की ते आपोआप पुढे जातात," तामाती ओशाळून म्हणाला. "म्हणून बसत नाही."

तिने स्वतःच चित्र प्रबंधाच्या शेजारी आणून ठेवलं, बटण दाबलं आणि पीडीएफ बाहेर आली. नायरी टाळी वाजवणार, तेवढ्यात तिचा हात हवेतच थांबला.

"अरे... पण माझी चित्रं कुठायत?"

चित्रं होती. सगळ्यात शेवटी, संदर्भसूचीच्याही मागे, एकावर एक गर्दी करून उभी. जिथे पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याचं वर्णन, तिथे पिल्लाचा पत्ता नाही.

"अरेच्चा," तामाती म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला रागच यायला हवा होता. "ही तर भारी भानगड आहे. का बरं पळाली असतील?"

तिलाही तेच विचारायचं होतं. नीट करून दे, असं सगळेच म्हणतात. पण का, हा प्रश्न तिच्याआधी कुणी विचारलाय, असं तिच्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं. हॉल बंद व्हायची वेळ झाली होती. गारा केव्हाच थांबल्या होत्या, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आकाश निरभ्र होतं. तरी ती आली.

"आधी नक्कल कर," तामाती म्हणाला. गणिताचा मास्तर तो, प्रश्नपत्रिका याच सॉफ्टवेअरमध्ये मांडायचा. "आता नकलेचा मागचा अर्धा भाग उडव."

"उडवू? माझी अख्खी एक वर्षाची मेहनत?"

"नकलेतली. मग पीडीएफ काढ. चित्रं तरीही पळाली, तर चोर उरलेल्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा उडव. असं करत करत उरतं ते एवढंसं... आणि त्यातच तो असतो."

खरं सांगायचं तर हे काम एका बैठकीत उरकलं असतं. पण नायरी उडवण्याआधी प्रत्येक परिच्छेद त्याला वाचून दाखवायची आणि तामाती प्रत्येक परिच्छेदावर प्रश्न विचारायचा. पक्षी झोपतात कधी? पाय एवढे फिकट का? आणि तिचे उलटे प्रश्न: मग कोष्टकं कशी जागेवर राहतात? ती का नाही पळत?

"हे मस्त पकडलंस," तो म्हणाला. "लक्षात ठेव. कोष्टकं राहतात, चित्रं पळतात."

"तुला उत्तर माहीत आहे!"

"मला संशय आहे. संशय सांगायचा नसतो. जोडी कशी जमवतात?"

"कोण?"

"पक्षी!" त्याचे कान लाल झाले.

"नाचून," नायरी मान वाकडी करून म्हणाली. "समोरासमोर उभे राहतात, पंख पसरतात, चोची वाजवतात. दोन-तीन वर्षं सहज."

"तीन वर्षं नुसतं नाचतात? आणि मग?"

"मग एक दिवस नाचणं थांबतं. शेजारी बसतात. झालं."

"मला नाचता येत नाही," तामाती म्हणाला.

"विचारलंय कुणी?" ती म्हणाली. पण घरी जाताना बसमध्ये ती खिडकीकडे बघून हसत होती, आणि समोरच्या बाईंना वाटलं ती त्यांनाच हसतेय.

एक गोष्ट मात्र तिने त्याला वाचून दाखवली नव्हती. प्रबंध दिला की तिला पूर्वेला भर समुद्रात असलेल्या चॅटम बेटांवर जायचं होतं, वर्षभर, तिथली पिल्लं मोजायला. ती नोकरी तिने स्वतः मागून घेतली होती, आनंदाने उड्या मारल्या होत्या. आता दर शनिवारी ती ठरवून यायची की आज सांगायचं. आणि दर शनिवारी चीज रोलचा पहिला घास घेतला की धीर गळायचा. त्याने नुसतं "अरे वा, अभिनंदन" म्हटलं तर? छान हसून, हात मागे बांधून?

म्हणून ती घरी काही उडवत नव्हती. शनिवारपर्यंत प्रबंध होता तिथेच असायचा.

"तुमच्या त्या चोराला पकडायला पोलीस बोलवायचे का?" हुया आंटीने एकदा चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं. "एवढ्या वेळात मी एकोणीस टोस्टर जिवंत केले."

"टोस्टरला दोनच तारा असतात, आंटी," तामाती म्हणाला.

"माणसांना पण दोनच असतात रे. जोडायला वेळ लावतात, एवढंच." आणि ती निघून गेली.

अखेर एका शनिवारी उडवायला काही उरलं नाही. एक परिच्छेद, आणि दोन चित्रं: एक नकाशा, एक पिल्लू. नायरीने बटण दाबलं. दोन्ही शेवटी.

तिने पिल्लू उडवलं. नकाशा शेवटी. पिल्लू परत आणलं, नकाशा उडवला. पिल्लू आपल्या जागेवर, परिच्छेदाला बिलगून.

"नकाशा!" ती जवळजवळ किंचाळली.

"आता विचार त्याला, का."

तिने नकाशाची मांडणी उघडली. तो तिचा लाडका नकाशा: एका पक्ष्याने इथून थेट चिलीपर्यंत आणि परत केलेला प्रवास, आडवा समुद्र उभा करून घातलेला. रुबाबदार दिसावा म्हणून उन्हाळ्यात तिनेच नोंदवून ठेवलं होतं: फक्त पानाच्या माथ्यावर. दुसरीकडे कुठेही नाही.

"उंची किती दिलीयस?"

"जवळजवळ अख्खं पान. केवढा समुद्र आहे तो, तामाती!"

"आणि खाली मजकूर सोडून पानाच्या माथ्यावर तर एवढी जागा..."

"नसतेच!" तिचे डोळे चमकले. "म्हणून तो थांबतो. पुढच्या पानावर बघतो, तिथेही नाही. त्याच्या पुढच्या... आणि बाकीची चित्रं?"

"चित्रांची रांग ठरलेली असते. पहिल्याला ओलांडून दुसरं पुढे जात नाही."

"आणि कोष्टकांची रांग वेगळी! म्हणून ती जागेवर!" नायरी खुर्चीतच उडाली. "एकाला जागा मिळेना, म्हणून मागची सगळी..."

वाक्य अर्धंच टाकून ती परत खुर्चीत टेकली. इतका वेळ ज्याचा पाठलाग केला तो चोर सापडला होता, आणि आता शनिवार संपले होते.

"काय झालं?" तामातीने विचारलं.

"मी चॅटमला चाललेय," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "प्रबंध दिला की. वर्षभर. तुला भेटायच्या आधीच ठरलंय. दर वेळी सांगणार होते, पण..."

तिला मागे वळून बघायची हिंमत होईना.

"म्हणून तू घरी काही उडवत नव्हतीस होय?" तो म्हणाला.

"हो. आणि तू? तुझा संशय केव्हापासूनचा?"

"...दुसऱ्या शनिवारपासूनचा."

"लबाड!" ती गर्रकन वळली. "इतके आठवडे मला नुसतं—"

"नियम आहे. वस्तू ज्याची..."

"तो नियम हातांचा आहे रे, तोंडाचा नाही!" पलीकडून हुया आंटी ओरडली. तिच्या हातातला टोस्टर मघापासून बंदच होता.

तामाती हसला, मग गंभीर झाला. "नायरी, नकाशामागे पिल्लू अडकलं होतं. त्या वर्षामागे काय अडकलंय?"

बाहेर कुठलंसं जहाज भोंगा देत होतं. ते थांबेपर्यंत नायरी थांबली, कारण हे एकदाच बोलायचं धैर्य होतं तिच्याकडे.

"तू," ती म्हणाली. "आवडतोस मला. सोमवारपासून मी शनिवारची वाट बघते. एवढंच आहे मागे. दुसरं काही नाही."

तामातीने अभिनंदन केलं नाही.

"वर्ष फार मोठं आहे," तो हळूच म्हणाला. "अख्खं कुठेच मावायचं नाही. अर्धं उडव."

"सहा महिने."

"अजून."

"तीन..."

"तोवर शाळेला सुट्टी पडते. चॅटमला विमान जातं ना?"

"जातं," नायरी म्हणाली. "पण तिथे वारा फार असतो हं. आणि पिल्लं माणसांच्या अंगावर ओकतात."

"मी नववीच्या वर्गाला शिकवतो," तामाती म्हणाला.

ती हसली, डोळे पुसले आणि स्क्रीनकडे वळली. मूळ प्रबंध उघडला. नकाशाची उंची कमी केली, माथ्याचा हट्ट काढून टाकला. बटण दाबलं. पानं एकामागून एक उलगडत गेली: घरटं घरट्याच्या जागी, पिल्लू पिल्लाच्या, आणि मध्ये तो नकाशा, थोडा लहान, पण चिलीपर्यंत जाऊन परत आलेला.

"जमलं," तामाती मागून म्हणाला.

नायरीने शेजारची रिकामी खुर्ची पायाने थोडी मागे ढकलली.

"बस ना."

"बसलो की हात पुढे जातात, सांगितलंय तुला."

"माहितीये मला," ती म्हणाली.

तामातीने एकदा हुया आंटीकडे पाहिलं. आंटी पाठ फिरवून टोस्टरच्या आत काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती. मग तो बसला, तिच्या शेजारी, आणि त्याचा हात खरंच पुढे आला. लॅपटॉपकडे मात्र तो गेला नाही.