टाळूचं तेल

उत्तमरावांनी नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकून अनसिंगच्या ओढ्याकाठी रोशा गवताच्या तेलाची भट्टी घातली, तेव्हा गावाला त्यांच्या शिक्षणाची कीव आली. गवताला बैल पुरेत, बी.एस्सी. कायले, असा पारावरचा निकाल होता. उत्तमराव मात्र भेटेल त्याला बजावत, की या तेलात गुलाबाच्या वासाचं जिरॅनिऑल असतं. गुडघ्याला चोळा, पण खोबरेलात मिसळून. तान्ह्या लेकराला मात्र निव्वळ तेलाचा थेंबही नको; कातडी भाजते, रक्तात उतरतं, श्वास अडतो. त्यांच्या घरीही तीन महिन्यांची मुलगी होती. बायको कस्तुराबाई रोज तिची टाळू भरायची, ती साध्या तिळाच्या तेलानं.

दिवाळी सरली होती. त्या दुपारी गवतानं भरलेली तांब्याची डेग तापली होती आणि गार पाण्यातून काढलेल्या नळीतून बाटलीत तेल ठिबकत होतं. भट्टीवरचा चंपत लाकूड सारता सारता थांबला.

"भाऊ, हे गवत लेकुरवाळं हाय काय?"

"म्हणजे?"

"हुंगा ना. बाळंतिणीच्या खोलीचा वास येऊन राह्यला."

उत्तमरावांनी हुंगलं. गुलाब नव्हता. दूध, कोमट तिळाचं तेल, ओव्याच्या शेकाचा धूर. आणि त्याखाली आपल्या पोरीच्या टाळूचा वास. तो त्यांनी सकाळीच घेतला होता.

"गवत कुजकं असेल," ते म्हणाले. "कुजलं की आम्लं होतात."

"अन् आम्लाले अंगाई लागते म्हना!" चंपत हसला. एकटाच.

उत्तमराव घरी आले तर कस्तुराबाई पोरीच्या डोक्याला नाक लावून बसलेली.

"अवो, इच्या टाळूले वासच नाई राह्यला."

"सर्दी झाली असेल तुला."

"मले? शेजारची भाजी करपली थे बी कळते मले!"

त्यांनी वाकून हुंगलं. पितळेचा गडवा हुंगावा तसं. पोर टक्क डोळ्यांनी पाहत होती. रडत नव्हती. ओठ निळसर पडले होते.

ते धावत भट्टीवर आले. चंपत लांब, बाभळीला टेकून उभा होता.

"इस्तो मी कवाच काढला, भाऊ. गवत बी उपसून फेकलं." त्याचा आवाज उतरला. "डेग रिकामी हाय."

नळीतून थेंब पडला. मग आणखी एक.

बाटली उचलून उत्तमराव घराकडे पळाले. हुंगून पाहायचं भान कुणाला?

पोरीची छाती आता हलत नव्हती. खोबरेलाची वाटी समोर होती. पण मिसळलं तर पोर पातळ होईल, असं काहीतरी त्या शिकलेल्या डोक्यात आलं.

त्यांनी निव्वळ तेल टाळूवर ओतलं.

पोर किंचाळली. ओठांवर रंग चढला. कस्तुराबाईनं तिला हिसकून छातीशी घेतलं, हुंदका देत टाळूवर नाक टेकवलं, आणि तिथंच थांबली.

"अवो," ती हळू म्हणाली, "हा आपल्या पोरीचा वास नोहे."

"काहीतरीच!"

तिनं पाजायला म्हणून पदर सारला.

पोरीनं नाक जवळ नेलं. हुंगलं. आणि ओठ घट्ट मिटून, भट्टीच्या बाजूच्या उघड्या दाराकडे दोन्ही हात पसरले.