न घातलेलं घड्याळ

रोज सकाळी साडेसातला लौरीस बाल्कनीतून दोरीची टोपली खाली सोडायची आणि समोरच्या भट्टीतून उम्म जिरयस तिच्यात दोन गरम मनाईश, म्हणजे वर सारण पसरून भाजलेल्या रोट्या, ठेवायची. एक झातरच्या मसाल्याची, एक चीजची. पैसे घ्यायची नाही. टोपली वर आली की वासाने खोली भरून जायची, आणि तिचा नवरा अनीस म्हणायचा, "मला नको. पोटात जळजळतं."

पावणेदोन वर्षं जळजळणारं पोट एखाद्याने डॉक्टरला दाखवलं असतं. लौरीस तसं म्हणायचीही. अनीस वर्तमानपत्र तोंडापुढे धरून काळी कॉफी प्यायचा आणि टोपली रिकामी होऊन खाली जाईपर्यंत बाल्कनीकडे पाहायचा नाही.

बैरूतच्या जैतावी भागातल्या त्या गल्लीत अनीस खुरीला सगळे 'उस्ताज', म्हणजे साहेब, म्हणत. तो बँकेच्या शाखेत उपव्यवस्थापक होता आणि आकड्यांचा माणूस म्हणून त्याचा दबदबा होता. आता ती शाखाच बंद झाली होती. काचांवर पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांवर लोकांनी शिव्या लिहिल्या होत्या. बँकांनी ठेवी अडकवून ठेवल्याला तीन वर्षं होत आली होती. मुलगी माँट्रियलला होती. तिने आई-बापाचे कागद करून घेतले होते आणि नोव्हेंबरात निघायचं ठरलं होतं. तिकिटं, तिकडच्या घराची अनामत आणि पहिलं वर्ष एवढ्यासाठी अनीसकडे एकच वस्तू होती, आणि तिची खबर लौरीसलाही नव्हती.

ते घड्याळ होतं. स्विस, पोलादी, काळ्या तबकडीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये, बँकांची दारं लागायच्या दोन महिने आधी, त्याने ते अकरा हजार डॉलर रोख देऊन घेतलं होतं.

घेताना त्याने बुर्ज हम्मूदच्या ओन्निकचा सल्ला घेतला होता. ओन्निक आर्मेनियन, पंचेचाळीस वर्षं घड्याळं उघडत आणि मिटत आलेला. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांप्रमाणे तोही पुल्लिंग-स्त्रीलिंगाची खिचडी करून बोलायचा.

"हबीबी, घड्याळ काय बँक नाही," तो म्हणाला होता. "विकली तर पैसा, नाही विकली तर खेळणा. दहातली नऊ घड्याळ दुकानाबाहेर गेली की किंमत पडते. ही एक जातीची तेवढी चढते. पण एक अट आहे. घालायची नाही. घासायची नाही. वरचा प्लास्टिकचा कागद काढायचा नाही. फायदा घड्याळात नसते, न घालण्यात असते."

अनीसला हे पटलं. वेळ दाखवणारी वस्तू घ्यायची आणि तिच्याकडे कधी बघायचं नाही, यात त्याला गंमतही वाटली. त्याने डबी चिकटपट्टीने बंद केली, पट्टीवर सही केली, बँकेत नोटांच्या पिशव्यांवर लावतात तशी लाल लाख लावली आणि डबी कपाटातल्या पेटीत ठेवली. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टात बंदरातल्या स्फोटाने घराच्या काचा फुटल्या, कपाट तोंडावर पडलं, पण डबीला ओरखडाही गेला नाही. त्या दिवशी रक्ताळलेल्या पायांनी उभं राहून त्याने सगळ्यांत आधी काय पाहिलं, तर ती डबी. लौरीस शेजारच्या खोलीत हाक मारत होती. हे आठवलं की त्याचे कान तापत.

सप्टेंबर २०२२ मध्ये तो डबी घेऊन ओन्निककडे गेला. बाजारात भाव चोवीस हजारांवर होता. लाख त्याने ओन्निकच्या समोरच फोडली.

घड्याळ चालू होतं.

हातावर हलल्याशिवाय हे घड्याळ चालत नाही आणि काढून ठेवलं की दोन दिवसांत थांबतं. सेकंदाचा काटा शांतपणे फिरत होता आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिळत होती. ओन्निकने डोळ्याला भिंग लावलं.

"तू घातली."

"एकदाही नाही."

"हबीबी, नवरा खोटं बोलते, बायको खोटं बोलते. पट्टा नाही बोलत." त्याने खटका उजेडात धरला. बारीक ओरखड्यांची जाळी होती, मनगट लाकडी फळीवर घासलं की पडतात तशी. प्लास्टिकचा कागद झिजून एका कोपऱ्यात नखाएवढा उरला होता. "दोन वर्षं रोज. आणि उजव्या हातात. अठरा हजार."

परतीच्या वाटेवर अनीसने डोकं चालवलं. लाख त्याची, सही त्याची, किल्ली त्याची. उरला एकच माणूस, आणि त्या माणसावर संशय घेतल्याची लाज त्याला नंतर वाटली, आधी नाही.

"तू माझी पेटी उघडलीस?" त्याने विचारलं.

लौरीस भेंडी निवडत होती. "कसली पेटी?"

"घड्याळाची."

"तुझ्याकडे घड्याळ आहे?"

मग सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली, सुरी हातात तशीच.

"तू म्हणाला होतास, सगळ्यांचे पैसे अडकले तसे आपलेही अडकले," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी माझ्या आईच्या बांगड्या विकल्या, अनीस. तू सोबत आला होतास. तूच घासाघीस केलीस."

तिने भेंड्या पाण्यात टाकल्या आणि दिवसभर त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याने घड्याळ पुन्हा डबीत ठेवलं. नवी पट्टी, नवी सही, नवी लाख. पेटीची किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत अडकवली. ठेवण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. आठ दिवस थांबला. नवव्या दिवशी दुपारी भर उजेडात, लौरीसला समोर बसवून, त्याने लाख फोडली.

घड्याळ चालू होतं. तबकडीचा काळा रंग उन्हात राहिलेल्या कापडासारखा विटला होता. पट्ट्याच्या दोन कड्या सुट्या काढून डबीच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. पट्टा आता आखूड होता, किडकिडीत मनगटाचा.

लौरीसने वाकून वास घेतला. "कणकेचा वास येतोय," ती म्हणाली आणि मागे सरकली.

कड्यांच्या सांध्यांतून काहीतरी पांढरं भरलं होतं. अनीसने टाचणीने कोरलं. पीठ.

म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. लौरीसला काही कळलं नाही. त्याला कळलं.

ऑगस्ट २०१९. उम्म जिरयसचा नवरा, भट्टीवाला अबू जिरयस, निळा पत्र्याचा डबा छातीशी धरून बँकेत आला होता. तीस वर्षांची बचत, डॉलरमध्ये, पिठाच्या कोठीमागे लपवलेली. लोक काहीबाही बोलत होते, म्हणून विचारायला आला होता. "उस्ताज, घरात ठेवू की इथे? तुम्ही सांगाल तसं."

आणि अनीसने तोंडभर हसून सांगितलं होतं, "इथे ठेवा आणि पाय थंड पाण्यात घालून खुशाल बसा."

शाखेत त्या आठवड्यात डॉलरच्या नोटा उरलेल्या नव्हत्या. अनीसला स्वतःचे पैसे काढायचे होते आणि गल्ल्यात रोकड नव्हती. सकाळी अकराला अबू जिरयसच्या नोटा आल्या. तीन वाजता अनीसने त्याच काढल्या. यात बेकायदा काही नव्हतं. म्हाताऱ्याच्या खात्यावर आकडा बरोबर होता, अगदी शेवटपर्यंत बरोबर होता. घड्याळ विकणाऱ्या दुकानदाराने नोटांवर फुंकर मारली तेव्हा पीठ उडालं आणि तो हसला, "भट्टीतून आणल्यात की काय?" अनीसही हसला होता.

पुढल्या वर्षी डिसेंबरात अबू जिरयस पुन्हा आला. हृदयाची नळी बंद झाली होती आणि इस्पितळ रोख डॉलर मागत होतं. अनीस काचेच्या आत होता.

"उस्ताज, माझेच आहेत ना ते?"

"तुमचेच आहेत. पण वरून हुकूम आहे. महिन्याला एवढेच, तेही घसरलेल्या लिरात."

म्हाताऱ्याने मान हलवली. "खरंय, तुमच्या हातात काय आहे?" असं म्हणताना तो अनीसच्या हाताकडे पाहत होता. अनीसने हात टेबलाखाली घेतला. हात रिकामाच होता, तरी घेतला. जनाची नाही तर निदान मनाची लाज असते माणसाला, पण ती फार उशिरा जागी होते. जानेवारीत अबू जिरयस गेला. पेटीत तेव्हा घड्याळ सतरा हजारांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनीस पुन्हा ओन्निकच्या दुकानात उभा होता. ओन्निकने या वेळी पाठीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला भिंग नेलं. घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत सुईने आपली बारीक खूण आणि साल कोरून ठेवतो. बाहेरून ती कधी दिसत नाही.

"ही घड्याळ कधी घेतली म्हणाला?"

"एकोणीस साली. नवं कोरं. तुम्हीच तर पाहिलं होतं."

ओन्निकने भिंग त्याच्याकडे दिलं. झाकणात सहा खुणा होत्या. पहिल्या खुणेपुढे ब्याण्णव साल होतं.

"कोणाच्या आहेत या?"

ओन्निक हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. "माझ्या," तो म्हणाला. "मी नाही केली, हबीबी. पण अक्षर माझा आहे." त्याने झाकण बसवलं आणि घड्याळ एका बोटाने अनीसकडे ढकललं. "तीस वर्षं कोणीतरी कष्ट केला ही घालून. मी घेत नाही. बाहेर विचार, चार हजार कोणीपण देते. पण आज घेऊन जा. दुकानात ठेवू नको."

चार हजार. तिकिटं निघाली असती, वर थोडे उरले असते. पुलापर्यंत अनीस हाच हिशेब करत चालला. पुलावर डावीकडे जुन्या घड्याळांचे दलाल बसतात. तो तिथे थांबला. एकाने हात पुढे केलाही.

अनीस उजवीकडे वळला.

साडेदहाची वेळ होती, भट्टीवर गिऱ्हाईक नव्हतं. डिझेल परवडेनासं झाल्यापासून उम्म जिरयस पुन्हा लाकडं जाळत होती. ती फळीवर गोळे थापत होती. पावणेदोन वर्षांत तो पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होता.

"या उस्ताज. पोट बरं आहे का?"

त्याने घड्याळ फळीवर ठेवलं. "हे तुमचं आहे."

"आमचं? आम्हाला कुठलं एवढं?"

मग त्याने सांगितलं. उभ्यानेच, खाली बघत, निळ्या डब्यापासून. अकरा वाजता आलेल्या नोटा, तीन वाजता काढलेल्या नोटा. थंड पाणी. टेबलाखाली घेतलेला हात. ती थापत होती, थापत राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तुम्ही मनाईश घ्यायला आलात, तर कोटाच्या आतल्या खिशाला पीठ. यांनी पाहिलं. म्हणाले, बँकेतल्या माणसाच्या खिशात आपलं पीठ कसं गेलं?"

"मग बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही हसत होतात."

लाकूड फुटल्याचा आवाज झाला. अनीसला वाटलं, तिने शिवी द्यावी. पत्र्यावर लिहिलेल्यांपैकी कुठलीही.

"मग रोज मनाईश कशाला पाठवलीत?"

"जाताना सांगून गेले. म्हणाले, उस्ताजला लाज वाटतेय, तो आता इकडे यायचा नाही. आपणच पाठवत जा."

अनीसला रडू फुटलं. तोंड लपवायला जागा नव्हती.

तिने हात एप्रनला पुसले. घड्याळ उचललं, तळव्यावर तोललं.

"विका ते," तो कसाबसा म्हणाला. "चार हजार येतील."

"ते कधी घड्याळ वापरायचे नाहीत," ती म्हणाली. "वेळ कणीक सांगते म्हणायचे."

"हो. मला माहीत आहे."

"आमच्याकडे घड्याळ नव्हतंच कधी."

असं म्हणत, न बघता, तिने हात मागे नेला आणि भट्टीशेजारच्या खिळ्याला घड्याळ अडकवलं. मग पुन्हा थापू लागली.

भिंत चाळीस वर्षांच्या काजळीने काळी झाली होती. फक्त खिळ्याखाली काजळी न बसलेली एक पांढरी जागा होती. वरून उतरत आलेला अरुंद पट्टा आणि शेवटी एक वाटोळं.

घड्याळ त्या जागेवर बरोबर बसलं. बोटभरही इकडेतिकडे नाही.

अनीसने खिशात हात घातला. दोन सुट्या कड्या त्याच्याजवळच होत्या. त्या लावल्या असत्या तर घड्याळ पांढऱ्या जागेच्या खाली उतरलं असतं.