पाचवी ओळ

त्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी का बसत नाही, असं विचारलंत. सांगतो. पण ऐकून झाल्यावर मला चांगला माणूस म्हणू नका.

ते टेबल काकांचं. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारा पंप आम्ही बनवतो. त्याच्या मोटरशी थेट बोलणारी नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा गाभा, काकांनी लिहिली, आणि मला हे काम शिकवलंही त्यांनीच. टेस्ट चालवताना, प्रोग्रॅमचे भाग जोडणाऱ्या बिल्ड टूलला त्या लायब्ररीचा पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, सांगावा लागतो. दोन वर्षांपूर्वी तो मला काही केल्या जमेना, आणि काकांना विचारायला कमीपणा वाटला. मग मी चार ओळींची खोटी लायब्ररी लिहून जोडून दिली. काहीही विचारा, ती 'ठीक' म्हणणार. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या. खऱ्या लायब्ररीतली चूक तशीच राहिली, पंप वॉर्डात गेला आणि एका बाईला औषध दुप्पट गेलं. ती वाचली नाही.

लायब्ररी काकांची, म्हणून खापर त्यांच्यावर फुटलं. मी मूग गिळून बसलो. नोकरी सोडून जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "बाळा, टेस्ट माझ्याच लायब्ररीवर चालवल्या होत्यास ना?"

"हो काका," मी म्हणालो.

वर्षभरात ते वारले. लायब्ररीतली ती चूक दुरुस्त केल्याचं मीच लिहून दिलं, तेही खोट्या लायब्ररीवर तपासून. एकदा निभावलं की माणूस सोकावतो.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, साहेबांचा फोन आला. नवा पंप उद्या द्यायचा होता. ऑफिसात मी एकटा, एसी बंद, खिडक्या लावलेल्या. या खेपेला खरी लायब्ररी जोडायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. पाथ लिहिला. 'लायब्ररी सापडली नाही.' पुन्हा लिहिला. तेच.

तेवढ्यात कोपऱ्यातून ठक् असा आवाज आला. काकांच्या कीबोर्डची स्पेसबार अडकायची, ते ती अंगठ्याने अशीच ठोकायचे. टेबल रिकामं होतं. त्यांचा कॉम्प्युटर, कीबोर्ड, सगळं केव्हाच भंगारात गेलं होतं. मग वास आला... ते गुडघ्याला चोळायचे त्या मलमाचा.

स्क्रीनवर टेस्ट आपोआप चालू झाल्या होत्या. लायब्ररी सापडली होती. पाथ काकांच्या कॉम्प्युटरमधला होता; मी तो लिहिला नव्हता. दोनशे बारा टेस्टमधली एक लाल झाली. औषध दुप्पट.

फोन वाजला. "टेस्ट झाल्या का रे?"

"साहेब, एक... लाल आहे."

"लाल? मग दोन वर्षं हिरव्या कशा होत्या?"

कोपऱ्यात पुन्हा ठक् झालं.

"पाथ चुकला असेल," मी म्हणालो. "बघतो..."

मी पुन्हा खोटी लायब्ररी जोडली. सगळं हिरवं झालं. तसं साहेबांना कळवलं आणि ती चार ओळींची फाईल सहज उघडली. तिच्यात पाच ओळी होत्या.

'बाळा, या वेळी नाव कोणाचं सांगशील?'

ती ओळ पुसली. पंप सोमवारी गेला. तेव्हापासून रोज सकाळी येतो आणि पुन्हा उमटलेली पाचवी ओळ पुसतो. आज तिच्याखाली सहावी आहे. तिच्यात फक्त वॉर्डातल्या एका खाटेचा नंबर आहे. साहेबांना फोन करायला हवा, कळतं मला. सकाळपासून फोन हातात धरून बसलोय.